पोटाचा दोष कुणाचा? सेवाग्राम, पवनार आणि शस्त्रक्रियेचा एक शतकाचा प्रवास

सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. पण गावाकडे गेलो की हा फरक कोण लक्षात घेतो? लोक सरळ हात पुढे करतात आणि म्हणतात, नाडी बघा. पस्तीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण नाडी काही अजून कळत नाही. तेव्हा पोटाच्या शस्त्रक्रियेवर आणि दुर्बिणीच्या उपचारावर आम्ही आज बोलणार आहोत ते वैद्य म्हणून नव्हे. त्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, तो आमच्या धंद्यातला आहे. माणसाचं पोट दुखलं, तर दोष कुणाचा? त्याचा स्वतःचा? त्याच्या जिभेचा? त्याला वाढणाऱ्या बाईचा? की आणखी कशाचा? आमच्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न दोन फार मोठ्या माणसांच्या पोटांशी जोडला गेलेला आहे.

पण सुरुवात वर्ध्यात होत नाही, पुण्यात होते. १२ जानेवारी १९२४, ससून रुग्णालय. येरवड्याच्या तुरुंगातून एका कैद्याला तिथे हलवलेलं आहे. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झालेला हा कैदी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पोटात असह्य कळा येत आहेत. निदान झालं ते अपेंडिक्सला सूज आल्याचं, आणि ससूनचे सर्जन कर्नल मॅडॉक यांनी ठरवलं की थांबता येणार नाही. गांधींच्या विश्वासातले मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याचा विचार झाला, पण ते येईपर्यंत वाट पाहणं धोक्याचं होतं. मग भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना रात्री बोलावून घेतलं. राजकारणात शास्त्री आणि गांधी यांचं पटत नसे, पण माणूस म्हणून दोघांचा एकमेकांवर लोभ होता. शास्त्रींच्या समोर एक निवेदन तयार झालं. डॉक्टरांनी आपली नीट काळजी घेतली आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, असा त्याचा आशय. गांधींनी गुडघे वर घेऊन त्यावर पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता, आणि ते त्यांनी मॅडॉकना बोलूनही दाखवलं.

ही सही इतकी महत्त्वाची का, याचा विचार करा. इंग्रजांच्या तुरुंगातला कैदी, इंग्रज सर्जनच्या सुरीखाली. तो दगावला असता तर देशात काय झालं असतं? मॅडॉकना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे.

क्लोरोफॉर्म दिला, शस्त्रक्रिया सुरू झाली, आणि बाहेर वादळ आलं. वीज गेली. एका परिचारिकेच्या हातात बॅटरी होती, ती धरून काम पुढे चाललं. तीही विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी करावी लागली. ससूनमधली ती खोली पुढे स्मारक म्हणून जपली गेली. जखमेत पू झाल्यामुळे बरं व्हायला वेळ लागला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं, आणि गांधींनी लगेच मौलाना महंमद अलींना कळवलं की आजारपणामुळे झालेल्या या सुटकेचा आपल्याला आनंद नाही, कारण आजार हे कैद्याला सोडण्याचं कारणच होऊ शकत नाही.

आता थोडं मागे जाऊ. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी आंधळी नळी. तिला सूज येते, ती फुटते, पोटभर पू पसरतो आणि माणूस जातो. ही साखळी नीट जुळवून सांगितली ती बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी, १८८६ मध्ये. त्याआधी अशा रुग्णाला शेक द्यायचा, अफू द्यायची आणि वाट बघायची. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी याच दुखण्याने आडवा झाला. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने नुसता पू काढला, राजा वाचला, राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला, आणि मग अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा आली. म्हणजे गांधींवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती जेमतेम एका पिढीएवढी जुनी होती. पेनिसिलीन अजून सापडायचं होतं. सल्फाच्या गोळ्याही नव्हत्या. सर्जनचा हात, उकळलेली हत्यारं आणि रुग्णाचं नशीब, एवढंच भांडवल.

आता गंमत बघा. याच गृहस्थांनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं होतं. त्यात डॉक्टरांवर एक प्रकरण आहे, आणि त्यातलं उदाहरण नेमकं पोटाचंच आहे. मी जास्त खातो, मला अपचन होतं, मी डॉक्टरकडे जातो, तो गोळी देतो, मी बरा होतो आणि पुन्हा जास्त खातो. गोळी घेतली नसती तर मला माझ्या कर्माची शिक्षा मिळाली असती आणि मी पुन्हा तसं केलं नसतं. डॉक्टर मध्ये आला आणि त्याने मला माझ्या लालसेत मदत केली. हा त्यांचा युक्तिवाद आमच्या शब्दांत सांगितला. रुग्णालयं म्हणजे पाप वाढवणाऱ्या संस्था, इथपर्यंत ते जातात.

वर्गात आम्ही हे प्रकरण शिकवायचो तेव्हा कुणीतरी हुशार मुलगा उठून म्हणायचाच, ‘सर, मग ससूनमध्ये का गेले?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर ‘ढोंग’ या एका शब्दात देऊन मोकळं होणं सोपं, म्हणून आम्हाला ते पसंत नाही. कारण गांधींनी हे सगळं स्वतःच्या पोटावर ताडून पाहिलेलं होतं. १९१८ च्या उन्हाळ्यानंतर नडियादला असताना ते आजारी होतेच. सणाचा दिवस होता. कस्तुरबांनी तेलात केलेली गोड लापशी आणि मूग ठेवले होते. जेवायचं नव्हतं, पण जेवले, आणि तासाभरात आमांशाने गाठलं. आत्मचरित्रात ते लिहितात ते जिभेचा पराभव म्हणून. पुढे गुदद्वाराला चिरा पडल्या, शौचाला जायच्या कल्पनेनेच जेवण नकोसं झालं. १९१९ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यावर शस्त्रक्रिया केली, आणि दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असं बजावलं. गांधींचं दुधाचं व्रत होतं. तेव्हा कस्तुरबांनी विचारलं की व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? तिथून ती जगप्रसिद्ध शेळी आली. शेळी हा पोटाच्या शस्त्रक्रियेचा उपपरिणाम आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

म्हणजे १९२४ ची सुरी ही पहिली नव्हती. गांधी डॉक्टरांना नाकारत आणि डॉक्टरांकडे जात, दोन्ही करत. आणि गेल्यावर ते आपली दुर्बलता म्हणून कबूल करत. आमचा आक्षेप त्यांच्या जाण्याला नाही. कबुलीला आहे. अपेंडिक्सला सूज येणं यात कसली दुर्बलता? लापशी जास्त खाल्ली म्हणून पोट बिघडलं, हे एक वेळ समजू. पण सगळ्याच पोटदुखीला तोच न्याय लावायचा?

इथे आमच्या विषयाकडे येतो. कारण आणि दोष हे दोन वेगळे शब्द आहेत. नदीला पूर येण्याचं कारण पाऊस असतो, पण पावसाला आपण दोषी म्हणत नाही. माणसाच्या शरीराबाबत मात्र आपण कारण विचारता विचारता दोषावर कधी घसरतो ते कळत नाही. आपल्या चरकाने रोगाच्या कारणांत ‘प्रज्ञापराध’ सांगितला, म्हणजे बुद्धीने केलेली चूक, कळत असून केलेलं अपथ्य. हा शब्द लोकांना भलताच आवडला. पण चरक तेवढ्यावर थांबलेला नाही. इंद्रियांचा विषयांशी अयोग्य संबंध आणि काळाचा परिणाम अशी आणखी दोन कारणं तो सांगतो, ज्यांत रोग्याचा अपराध असेलच असं नाही. ती दोन आपण विसरलो. अपराध तेवढा लक्षात ठेवला.

याची किंमत काय असते हे आम्ही घरात पाहिलेलं आहे. थोडं खाजगी आहे, पण सांगतो. आमच्या आत्याचे यजमान आर्वीकडच्या एका खेड्यात शेती करायचे. १९६१ ची गोष्ट, आम्ही तेव्हा शाळकरी. महिनोन्महिने त्यांचं पोट दुखायचं, रात्री उठून दूध प्यायचे, खायचा सोडा चाटायचे. एका संध्याकाळी शेतातून आले आणि एकदम कळ येऊन कोसळले. पोट फळीसारखं कडक. बैलगाडी जुंपली, नाल्याला पाणी होतं म्हणून अडले, सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात पोचले. तिथे सर्जन नव्हता. दुसऱ्या गाडीची व्यवस्था होईपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी गेले. जठराच्या पुढच्या आतड्यातला व्रण फुटला होता, हे नंतर कुणीतरी सांगितलं. पण गावाने आणि घराने निकाल आधीच दिला होता. ‘लय तिखट खाये बावा तो.’ आणि हळू आवाजात दुसरं वाक्य, की बाईनं हात आवरला नाही. आत्या पुढे चाळीस वर्षं जगल्या. त्यांच्या हातचं जेवण इतकं मिळमिळीत असायचं की आम्ही मुलं चिडवायचो. का ते मोठेपणी कळलं, आणि मग चिडवल्याचं फार वाईट वाटलं.

आता वर्धा. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधी इकडे आले ते १९३४ च्या सुमारास. आधी मगनवाडी, मग ३० एप्रिल १९३६ ला शेगाव, ज्याचं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. मधल्या काळातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वर्ध्याला लागून सिंदी म्हणून गाव आहे. तिथले लोक रस्त्याच्या कडेला शौचाला बसत. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि मगनवाडीतली मंडळी रोज सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन तिथे जात आणि मैला उचलत. महिनोन्महिने हे चाललं. गावकरी सुधारले का? फारसे नाही. उलट कुठे घाण राहिली आहे ते दाखवून द्यायचे, असं महादेवभाईंनीच लिहून ठेवलं आहे. हे ऐकून हसू येतं. पण या फावड्याचा पोटाशी संबंध काय, ते पुढे बघू.

१९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधींची तपासणी झाली तेव्हा पोटात दोन पाहुणे सापडले, अंकुशकृमी आणि आमांशाचा अमीबा. दोन्ही मैल्यातून येतात. एक मातीत उतरून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, दुसरा पाण्यातून आणि अन्नातून. जिभेवर इतका ताबा असलेला माणूस, मोजूनमापून खाणारा, आणि त्याच्या आतड्यात हे. आता सांगा, कुठल्या लालसेची ही शिक्षा? ‘हिंद स्वराज्या’तल्या गांधींकडे याला उत्तर नाही. सिंदीतल्या गांधींकडे आहे. त्यांच्या हातातलं फावडं त्यांच्या पुस्तकापेक्षा शहाणं होतं, असं आम्हाला वाटतं.

आणि रुग्णालयं म्हणजे पाप म्हणणाऱ्या याच माणसाच्या हयातीत सेवाग्रामला रुग्णालय उभं राहिलं. डॉ. सुशीला नायर यांनी आश्रमात दवाखाना चालवला होताच. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. त्यांच्या नावाने बिर्लांच्या अतिथिगृहात, स्त्रिया आणि मुलांसाठी, पंधरा खाटांचं रुग्णालय सुरू झालं. सुशीलाबेन पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, त्याच आवारात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यात निघालेलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथला विद्यार्थी आजही पहिले पंधरा दिवस आश्रमात काढतो, झाडलोट करतो, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आजूबाजूच्या गावांनी सुगीनंतर ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचाराची हमी घ्यायची, अशी विम्याची पद्धतही तिथे चालली. आमच्या आत्याचे यजमान गेले तेव्हा हे महाविद्यालय व्हायला आठ वर्षं होती. जाऊ द्या.

सेवाग्रामहून काही मैलांवर, धाम नदीच्या काठी, पवनार. तिथे १९३८ मध्ये विनोबा येऊन राहिले ते प्रकृती ढासळली होती म्हणूनच. पुढे आयुष्यभर त्यांना आतड्याच्या व्रणाने, ज्याला आपण अल्सर म्हणतो, छळलं. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं तेव्हा हा रोग त्यांच्या पोटात होता, आणि तेरा वर्षं देशभर पायी चालले तेव्हाही होता. दही, दूध, मध असला थोडा थोडा आहार दिवसातून अनेकदा घेत ते चालत राहिले. लोकांना वाटायचं हा तपस्व्याचा आहार. तपस्या होतीच, पण त्यात व्रणाची सोयही होती. १९१५ पासून शिकागोच्या सिपी नावाच्या डॉक्टरने सांगितलेली दर तासाला दूध पाजण्याची पद्धत जगभर चालू होती. आत्याचे यजमान मध्यरात्री उठून तेच करत होते, सिपीचं नावही न ऐकता.

अल्सरचा वैद्यकीय इतिहास म्हणजे चुकीच्या जागी केलेल्या उत्तम कामाचा इतिहास आहे. व्हिएन्नाच्या बिलरोथने १८८१ मध्ये जठराचा भाग कापून उरलेलं आतड्याला जोडून दाखवलं. ती शस्त्रक्रिया कर्करोगासाठी होती, पुढे ती अल्सरसाठी सर्रास वापरली गेली. आम्ल जास्त होतं म्हणून अल्सर होतो, तर आम्ल करणारं जठरच कापा. मग १९४३ मध्ये शिकागोच्या ड्रॅगस्टेडने जठराकडे जाणारी व्हेगस नस कापायला सुरुवात केली. मेंदूकडून हुकूमच जायला नको. सर्जनांच्या दोन-तीन पिढ्यांचं कौशल्य यात गेलं. लोक वाचलेही. दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रवाले सांगत होते की हा महत्त्वाकांक्षी, आतल्या आत कुढणाऱ्या माणसांचा रोग आहे. म्हणजे दोष फिरून पुन्हा रोग्याच्याच गळ्यात. आमच्याकडे तिखट, त्यांच्याकडे स्वभाव. १९७६ मध्ये सिमेटिडीन ही आम्ल रोखणारी गोळी आली आणि शस्त्रक्रिया एकदम कमी झाल्या. पण गोळी बंद केली की अल्सर परत यायचा. खऱ्या कारणाला हात लागलेला नव्हता.

हात लागला तो दुर्बिणीमुळे. तिची गोष्ट मजेदार आहे. १८६८ मध्ये जर्मनीच्या कुसमाउलने जठरात सरळ नळी घालून पाहायचं ठरवलं, पण सरळ नळी गिळणार कोण? त्याने तलवार गिळणारा जादूगार गाठला! उजेड पुरेना म्हणून बेत अर्धाच राहिला. १९३२ मध्ये शिंडलरने थोडी वाकणारी दुर्बीण केली, तीही रुग्णाच्या जिवावरच यायची. खरा बदल काचेच्या केसासारख्या तंतूंनी केला. लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की अशा हजारो तंतूंच्या जुडीतून, जुडी वाकवली तरी, चित्र पलीकडे जातं. ते वाचून बॅसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरने मिशिगनमध्ये लवचीक दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच गिळली. ही आमची आवडती जागा आहे. दुसऱ्याच्या पोटाबद्दल बोलण्याआधी स्वतःच्या घशात नळी घालणारा माणूस.

आता ही दुर्बीण नुसती बघत नाही. तिच्या बाजूच्या वाटेने चिमटा घालून जिवंत अस्तराचा कण काढता येतो. हे महत्त्वाचं का? मेलेल्या माणसाचं जठर काही वेळातच आतल्या रसांनी विरघळू लागतं, तिथे सूक्ष्म काही टिकत नाही. पर्थच्या रॉबिन वॉरेन या तज्ज्ञाला १९७९ पासून असे ताजे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांवर वाकडे जीवाणू दिसू लागले. जठराच्या आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत, असं सगळ्यांनी पाठ केलेलं. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या जोडीला आला. जीवाणू काही केल्या वाढेनात. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, बशा प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या, आणि जीवाणू वाढला. त्याला घाई आवडत नव्हती, एवढंच. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतः प्यायला आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचं नाव. दहा-चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांनी तो जातो आणि बहुतेकांचा अल्सर परत येत नाही.

हा जीवाणू बहुधा लहानपणीच पोटात येतो, दाटीवाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून, एकमेकांच्या तोंडातून. आपल्या देशात तो कित्येकांच्या पोटात असतो, त्यांतल्या थोड्यांनाच अल्सर होतो. म्हणून विनोबांच्या व्रणालाही हाच जबाबदार होता असं ठोकून देणं उतावळेपणाचं होईल. पण १९८२ हे साल आम्हाला विसरता येत नाही. एप्रिलमध्ये पर्थला जीवाणू वाढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं. १५ नोव्हेंबरला ते गेले. त्यांचं औषध नाकारणं आणि आमच्या आत्याच्या यजमानांना सर्जन न मिळणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. नाकारायला आधी समोर काहीतरी असावं लागतं. आज वर्ध्याजवळच्या सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय विनोबांच्याच नावाने आहे, तिथे आणि सेवाग्रामला रोज पोटात दुर्बीण जाते.

आणि दुर्बीण आता उपचारही करते. वाहणारा व्रण इंजेक्शन देऊन किंवा चिमटा लावून थांबवतात. पित्तनलिकेतला खडा १९७४ पासून तोंडावाटे काढता येतो, पोट न फाडता. पोटाच्या भिंतीला छोटी छिद्रं पाडून करायच्या शस्त्रक्रियेत भारतात मोठं नाव म्हणजे मुंबईचे डॉ. तेहमटन उडवाडिया. १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी तपासणीसाठी ही पद्धत आणली, आणि १९९० मध्ये तिथेच देशातली पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया तशी केली. लोक म्हणाले, ही श्रीमंतांची चैन आहे. उडवाडियांचं म्हणणं उलट होतं. गरिबालाच याची जास्त गरज आहे, कारण तो आठवड्यात कामावर परत जाऊ शकतो. रोजंदारी बुडण्याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या खर्चात धरायचा, हे शहाणपण आम्हाला फार मोलाचं वाटतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत महिनाभर खाटेवर पडणं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

फुटलेल्या व्रणाला मात्र आजही शस्त्रक्रियाच लागते. आणि ती किती साधी असावी! पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. त्याचा तुकडा भोकावर ठेवून दोन-चार टाके घालायचे, पोट धुवून काढायचं. टोरंटोच्या ग्रॅहमने ही पद्धत १९३७ मध्येच सांगितली होती. म्हणजे १९६१ मध्ये ज्ञान होतं, हत्यारं होती, फक्त नाल्याला पाणी होतं आणि तालुक्याला सर्जन नव्हता. तिखटाचा त्यात काहीही संबंध नव्हता. आत्यांना हे सांगायला आम्ही एकदा गेलो होतो, मार्शलचं काम वाचून झाल्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘हे तवाच कोनी सांगतलं असतं त…’ आणि चहा ठेवायला उठल्या.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘म्हणजे सर, आता तिखट खायला हरकत नाही ना?’ वऱ्हाडातला प्रश्न आहे, दिसतंच आहे! तिखटाने अल्सर होत नाही, असलेल्या जखमेवर झोंबतं. तेव्हा खा, बेताने खा. आमच्या वयाच्या मंडळींना मात्र दुसरी गोष्ट सांगायची आहे. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून उपाशीपोटी रोज खाल्ल्या जातात त्या. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, किंवा एकदम कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं, तर सोडा चाटत आणि कोण काय जेवलं याची चौकशी करत बसू नका. त्याच घडीला गाडी काढा. पुढची चिठ्ठी द्या.